‘सिगारेट सुटतेय ना, मग जरा सहन कर’

डॉक्टर मॅडमना विचारा

या महिन्यात आलेल्या पत्रांचे मी नेहमीसारखे गठ्ठे करायला बसले, तंबाखूची एकीकडे, घरातल्या मारहाणीची दुसरीकडे, आणि चार पत्रं अशी निघाली की ती नेमकी कुठे टाकायची तेच कळेना. म्हणून ती चारही इथे एकत्र घेतलीत. नावं काढलीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मॅडम, माझे मिस्टर दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढायचे. छातीत दुखलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले आजपासून बंद. आज नववा दिवस. पण चिडचिड इतकी की परवा भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं आणि मुलीसमोर माझ्या कानाखाली मारली. आधीही हात उचललाय, पण वर्षातून एखाद वेळा. सासूबाई म्हणतात सिगारेट सुटतेय ना, मग जरा सहन कर, महिन्याभरात निवळेल. खरं सांगू, काल वाटलं आपणच पाकीट आणून त्यांच्या उशाशी ठेवावं. — एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, पाकीट आणायचा विचार आला म्हणून मनाला लावून घेऊ नका, तुमच्या जागी कुणालाही आला असता. पण आणू नका, कारण त्याने तुमचा मार थांबणार नाही, फक्त त्यांची सिगारेट सुरू होईल.

आधी सिगारेटचं बोलू. निकोटीन बंद झालं की चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही, भूक वाढते, हे सगळं खरं आहे. पहिले काही दिवस सगळ्यात वाईट, मग हळूहळू उतरत तीन-चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. म्हणजे सासूबाईंचा हिशोब चिडचिडीपुरता बरोबर आहे. मारण्यापुरता नाही. तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय की ते रोज ड्युटीवर जातात, तिथे साहेब बोलतो, पॅसेंजर भांडतात. मग या नऊ दिवसांत तिकडे कुणाच्या कानाखाली गेली का? नाही ना. तलफ तीच, डोकं तेच, फक्त तिथे हात आवरतो आणि घरात आवरत नाही. आणि आवरत नाही हे काही आत्ताचं नाही, ‘आधीही’ हा शब्द तुमचाच आहे.

डॉक्टरांचंही थोडं चुकलं असं मला वाटतं (आमच्याच जातीचे, म्हणून बोलते). पाकीटभर ओढणाऱ्याला नुसतं ‘आजपासून बंद’ म्हणून घरी पाठवायचं नसतं, त्याला आधार द्यायचा असतो. निकोटीनचा गम मिळतो, २ मिलिग्रॅमचा आणि ४ मिलिग्रॅमचा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर साधारण ४ चा लागतो आणि तो चिठ्ठीवर मिळतो. छातीचं दुखणं आहे म्हणून पुन्हा डॉक्टरांना विचारूनच. आणि तो च्युइंगगमसारखा चघळत बसायचा नाही, सावकाश चावायचा, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही आणि माणूस म्हणतो गमने काही होत नाही. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापलेला असतो, सरकारी क्विटलाइन आहे, तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी, त्यांनी स्वतः फोन करावा. त्यांनी. तुम्ही नाही. त्यांची सिगारेट सोडवायची ड्युटी तुमच्याकडे घेऊ नका, म्हणजे परत ओढली की तेही तुमच्याच डोक्यावर फुटायचं.

आता तुमचं. आजवर कधी गळा दाबलाय का, चाकू-कोयता दाखवलाय का, जिवे मारीन म्हणालेत का, पोटुशी असताना मारलंय का, मारणं पूर्वीपेक्षा वाढलंय का? यातल्या एकालाही हो असेल तर महिनाभर वाट बघायची नाही. गळा दाबला असेल तर वरून खूण दिसत नसली तरी दवाखाना गाठायचा, आवाज बसणं, गिळताना दुखणं ही साधी लक्षणं नव्हेत. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलीचा दाखला यांच्या झेरॉक्स आणि थोडे पैसे बहिणीकडे नाहीतर भरवशाच्या शेजारणीकडे ठेवा. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जिवावर बेतलं तर ११२. फोन झाल्यावर कॉल लिस्टमधून नंबर काढून टाका, आणि हे पान घरात उघडं पडू देऊ नका.

आणि एक, तुम्ही लिहिलंय ‘घर त्यांच्या नावावर आहे, मी कुठे जाणार’. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात घर कुणाच्याही नावावर असो, तुम्हाला त्या घरात राहायचा हक्क आहे. त्यासाठी आधी पोलिसात गुन्हाच नोंदवायला हवा असंही नाही, संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) जाता येतं, ते मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करायला मदत करतात. वकील बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. लगेच काही करा म्हणत नाहीये मी, माहीत असू द्या.

मॅडम, मी २२ वर्षांची बिडी सोडली, तीन आठवडे झाले. पण या काळात दोनदा बायकोवर हात उचलला. स्वतःची लाज वाटते. राग कमी व्हायची एखादी गोळी आहे का? — ‘नाव छापू नका’

(हे वरच्या ताईंचे मिस्टर नाहीत, जिल्हा वेगळा आहे, कुणी कुणाकडे संशयाने बघू नका.)

दादा, बिडी सोडलीत, मोठं काम केलंत. तलफ कमी करायची औषधं आहेत, जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात जा, तिथे देतील. बायकोवर हात न उचलायची गोळी नाही. तिथल्या डॉक्टरांना बिडीसोबत हेही स्वतःच्या तोंडाने सांगा, की मी दोनदा मारलं. ‘आमचं जरा वाजलं’ असं नको, मारलं म्हणा. रात्री दारू होते का तेही सांगा, पत्रात तुम्ही ते सफाईने गाळलंय असं मला उगाच वाटलं. डोकं सणकलं की घराबाहेर पडायचं, बायकोला समजवायला पाठवायचं नाही, स्वतः पडायचं. आणि ती माहेरी जाते म्हणाली तर अडवू नका.

मॅडम, सरकारी सेवेच्या बॉण्डवर पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी आहे. ओपीडीत रोज ८० ते १०० पेशंट. ट्रेनिंगमध्ये सांगतात तंबाखूचं विचारा, समुपदेशन करा, घरगुती हिंसाचाराचं विचारा. पेशंटला दोन मिनिटंही मिळत नाहीत. शिवाय बाया नवऱ्याबरोबर नाहीतर सासूबरोबर येतात. कधी आणि कसं विचारायचं? विचारून ती हो म्हणाली तर पुढे काय, याचीच जास्त भीती वाटते. — एक वैद्यकीय अधिकारी

तुझं शेवटचं वाक्य सगळ्यात प्रामाणिक आहे म्हणून तिथूनच सुरू करते. मीही पहिली चार वर्षं विचारलंच नाही, वेळ नाही हे कारण सांगायचे, खरं कारण तेच होतं जे तू लिहिलंयस.

तंबाखूचं सोपं आहे, प्रत्येकाला विचारायचं. पण ‘स्मोकिंग करता का’ असं विचारू नकोस. २०१६-१७ च्या गॅट्स सर्व्हेत (प्रौढांच्या तंबाखू वापराची पाहणी) महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे तुझ्या स्मोकिंगच्या प्रश्नाला बहुतेक जण खरं बोलूनच नाही म्हणणार, खिशात चुन्याची पुडी ठेवून. बायकांना तर ‘तंबाखू खाता का’ म्हटलं तरी नाहीच येतं, कारण मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) हा त्यांच्या लेखी तंबाखू नाहीच, ते दात घासायचं आहे. ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा’ असं विचार. बोटाकडे बघ, तर्जनीचं टोक काळं असतं.

आणि मग ‘सोडा’ म्हणायच्या आधी एक विचार, कधी जास्त लागते? इथे माझं एक निरीक्षण सांगते, निरीक्षणच, रिसर्च नव्हे. एक बाई होती, पस्तिशीची, दर पंधरा दिवसांनी यायची, कधी अंगदुखी, कधी चक्कर, कधी झोप नाही. हिमोग्लोबिन बरं, शुगर बरी, मी बी कॉम्प्लेक्स लिहून मोकळी. एकदा मिश्रीवरून लेक्चर दिलं, तर म्हणाली, ‘बाई, सगळी झोपल्यावर चुलीपाशी बसून लावते तेवढाच येळ माझा.’ तेव्हा कुठे मी पेन खाली ठेवलं. बीपी घ्यायला बाही वर केली तर दंडावर चार बोटांचे वळ, पिवळे पडत आलेले, म्हणजे काही दिवसांपूर्वीचे. मागच्या दोन-तीन व्हिजिटला बीपी सिस्टरने घेतलं होतं, ब्लाऊजच्या बाहीवरूनच. त्या बाईला मिश्री सोड सोड म्हणून मी वर्षभर तिचं एकच निवांत ठिकाण काढून घ्यायला निघाले होते आणि बदल्यात देत काय होते, तर बी कॉम्प्लेक्स.

मिश्री चालू दे असं म्हणत नाहीये मी, गरोदर बाईला तर अजिबात नाही, बाळाचं वजन कमी भरतं. पण कशासाठी लागते हे कळल्याशिवाय सोडा म्हणणं म्हणजे ताप कशाचा ते न बघता पॅरासिटामॉल देणं.

हिंसाचाराचं मात्र सरसकट प्रत्येकीला विचारायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) २०१३ च्या गाइडलाइनमध्येही ते नाही. खुणा दिसल्या की विचारा असं आहे, न जुळणारी जखम, वारंवार येणारी आणि कशातच न बसणारी दुखणी, झोप, उदासी, पुन्हा पुन्हा अॅबॉर्शन, आणि तिच्याऐवजी नवराच उत्तरं देतोय. गरोदरपणाच्या तपासणीत विचारायला जागा जास्त मिळते. आणि या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर विचारूच नको: एकांत, विचारायचं कसं याचं थोडं तरी ट्रेनिंग, आणि ती हो म्हणाली तर पाठवायला ठिकाण.

एकांताची युक्ती सांगते. नवऱ्याला ‘बाहेर थांबा’ म्हटलं की तो जागा होतो. त्यापेक्षा त्याला केसपेपरवर शिक्का आणायला पाठव, सासूचं वजन-बीपी शेजारच्या खोलीत सिस्टरला घ्यायला सांग, सासू खूश, तीन मिनिटं तुझी. भाषांतर करायला घरचं माणूस किंवा मोठी मुलगी कधीच नको. तू पुरुष आहेस, सिस्टरला सोबत ठेव, ती गावातलीच असेल तर तिला आधी नीट समजावून, नाहीतर संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचतं. शब्द साधे ठेव, ‘घरी सगळं ठीक?’ असं विचारलं की ‘ठीक’च येतं. मी म्हणते, ‘असं दुखणं घेऊन येणाऱ्या बायांपैकी काहींना घरात मारहाण होत असते, म्हणून मी विचारते, तुम्हाला कुणी मारतं का, कुणाची भीती वाटते का?’ नाही म्हणाली तर नाही, उलटतपासणी नको, तुला विचारता येतं एवढं तिला कळलं, ती येईल सहा महिन्यांनी.

हो म्हणाली तर घाबरू नको, तिचं लग्न तुला दुरुस्त करायचं नाहीये. ऐक, ‘तुमचा दोष नाही’ एवढं म्हण, आज घरी जायला भीती वाटते का विचार, आणि पुढचा पत्ता दे. सखी वन स्टॉप सेंटर (मारहाण झालेल्या बायांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र), संरक्षण अधिकारी, १८१, हे नंबर ड्रॉवरमध्ये आधीच असू देत. चिठ्ठी देऊ नको, घरी सापडते, नंबर गोळ्यांच्या पाकिटावर मागे लिहून दे. नवऱ्याला बोलावून समजावायचं तर चुकूनही नाही, त्याची किंमत ती रात्री मोजते. केसपेपर तिच्या हातात देत असशील तर त्यावर खूण पुरे, सविस्तर नोंद रजिस्टरला ठेव, जखम कुठे, केवढी, रंग कोणता, आणि कुणी मारलं ते तिच्या शब्दांत. ‘पडल्याचे सांगते’ असं लिहून आपण तिचा एक पुरावा घालवतो. उपचार नाकारता येत नाहीत, २००५ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये ते आहे.

हे ओपीडीत होत नाही म्हणणाऱ्यांना मी मुंबईचं उदाहरण देते. २००० च्या सुमारास महापालिका आणि सेहत या संस्थेने वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात ‘दिलासा’ सुरू केलं, सरकारी हॉस्पिटल, तीच गर्दी, आणि तिथल्याच सिस्टर आणि स्टाफला ट्रेनिंग देऊन कामाला लावलं. तुझ्याकडे तेवढं मनुष्यबळ नाही हे मान्य. दिवसात एकीला विचार.

मी आशा आहे. वस्तीवरच्या एका लेकुरवाळीने मला मार दाखवला आणि बाळाची शपथ घातली कुणाला सांगू नको. ती मिश्री पण लावते, आमच्या इथल्या मॅडम म्हणतात तिची मिश्री सोडव. मी काय करू? — एक आशाताई

ताई, मिश्री पुढच्या महिन्यात बघू, तुमच्या मॅडमना माझं नाव सांगा. शपथेचं म्हणाल तर कायद्याने कुणीही चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, कळवणाऱ्यावर काही येत नाही, पण तिला न विचारता कळवलंत तर तिचं एकमेव उघडं दार बंद होईल. जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी, तेव्हा शपथ बाजूला. एरवी तिला सांगा की असं ठिकाण आहे, तू म्हणशील तेव्हा मी सोबत येईन. बाळाच्या लसीच्या दिवशी तिला पीएचसीला आणा, लसीला कुणी अडवत नाही, तिथे एमओशी पाच मिनिटं बोलता येईल. आणि तिचं नाव तुमच्या डायरीत लिहू नका, ती डायरी मीटिंगला सगळ्यांच्या हातात फिरते.