माइनक्राफ्टमधला सिंधुदुर्ग आणि जर-तरचे प्रश्न

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय की अकरा वर्षांचा मुलगा शाळेतून आला की माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळे (ब्लॉक) रचून बांधकाम करायचा गेम, उघडून बसतो, त्याच्याशी मराठी बोलणं "जेवायला ये" आणि "झोप आता" एवढंच उरलंय, तर गेम बंदच करून टाकावा का.

ताई, बंद नका करू, त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याच्याशी मराठीत काय बोलायचं हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि ज्यात त्याचा जीव रमलाय तो विषय समोर स्क्रीनवरच आहे की. मित्रांबरोबर माइकवर खेळत असेल तेव्हा मात्र नको, तो त्याचा वेळ आहे.

लहानपणी आपण दिवाळीत माती, दगड, पोती गोळा करून किल्ला करायचो, वर अळीव नाहीतर मोहरी पेरायचो, मावळे मांडायचो. तिकडे अंगण नाही, नोव्हेंबरात पाचलाच अंधार, मग तो किल्ला माइनक्राफ्टमध्ये करा ना! मी तर म्हणेन सिंधुदुर्ग घ्या, कारण मालवणच्या समुद्रातल्या बेटावर 1664 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला मुलाला स्वतःहून प्रश्न पाडतो. तटबंदी जवळजवळ तीन किलोमीटर, गेममध्ये एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, म्हणजे तटाचा नुसता एक थर फिरवायला तीन हजार ब्लॉक लागतील, मग लहान करायचा तर किती पट लहान, हा हिशोब मराठीत होऊ दे. तटाची उंची साधारण तीस फूट म्हणजे किती ब्लॉक तेही त्यालाच काढू दे. मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तसा वळणाचा दरवाजा तो कसा बांधतो ते बघा. आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असताना!

आता इथेच विचारा, तू किल्लेदार असतास आणि शत्रूच्या गलबतांनी वेढा घातला असता तर आधी काय सांभाळलं असतंस, धान्य की पाणी? विहिरी नसत्या तर काय केलं असतंस? असल्या प्रश्नाला हो-नाहीवर भागत नाही, चार वाक्यं बोलावीच लागतात. मग जेवतानाही चालू ठेवा, उद्यापासून जन्मभर एकच भाजी मिळणार असेल तर कुठली घेशील, अदृश्य होता आलं तर पहिल्यांदा कुठे जाशील. बाबांनीपण उत्तर द्यायचं बरं का, नाहीतर ती तोंडी परीक्षा होते आणि दोन दिवसांत मूल टाळायला लागतं.

तो "मी गेला असतो" म्हणाला तर टोकू नका. "अच्छा, 'मी गेलो असतो' म्हणतोस, मग?" असं आपल्या बोलण्यात बरोबर रूप येऊ दे आणि पुढे चला. वॉल, ब्लॉक, टॉर्च हे शब्द राहू देत, तुमच्या हातात कंट्रोलर घ्या आणि त्याला शिकवायला लावा, मुलं शिकवताना खूप बोलतात.

वेळेचं बंधन हवंच, पण खेळायच्या आधी ठरवा. माइनक्राफ्टमधला स्वतःचा किल्ला सेव्ह करून कधीही थांबवता येतो, पण इतरांशी ऑनलाइन लढायच्या फोर्टनाइटसारख्या गेममध्ये मॅच मधेच सोडायला लावली तर भांडण होणारच, तिथे "ही मॅच संपली की बंद" असं सांगा.

आजी-आजोबांना माइनक्राफ्ट जड जाईल, त्यांच्याबरोबर लुडो किंग खेळा, ते नवी मुंबईतच बनलंय आणि कोड पाठवून आपल्यापुरती रूम करता येते. तुमच्याकडे शनिवारी सकाळी नऊ म्हणजे हिवाळ्यात इकडे संध्याकाळचे साडेसात, दोघांनाही सोयीचं. बाजूला व्हिडिओ कॉल लावून ठेवा, आणि आजीला आधीच सांगा की नातू इंग्रजीत बोलला तरी तिने मराठीतच विचारत राहायचं, तिला इंग्रजी छान येत असलं तरी.