प्राचीन रोमन संस्कृतीचा आजच्या समाजावर नेमका काय प्रभाव आहे?

कायदा, सिनेट, रस्ते, काँक्रीट ही ठरलेली उत्तरं, आणि ती खरीही आहेत. पण मला विचाराल तर रोमन लोक सगळ्यात जास्त भेटतात ते आपल्या स्वयंपाकघरात, दुधाचे खाडे मांडलेल्या कॅलेंडरवर. हा शब्दच मुळात हिशेबाचा. महिन्याच्या पहिल्या दिवसाला रोमन लोक 'कालेंडे' म्हणत. त्या दिवशी कर्जाचं व्याज चुकतं करायचं, आणि सावकाराच्या खतावणीचं नाव 'कालेंडारियम'. एक तारखेला हप्ता कापला गेला की मला हे हटकून आठवतं.

शाळेत एक कोडं पडायचं. सप्त, अष्ट, नव, दश इतकं स्पष्ट ऐकू येतंय, मग सप्टेंबर नववा आणि डिसेंबर बारावा कसा? (लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, म्हणून हे आकडे जुळतात.) तर रोमनांचं वर्ष पूर्वी मार्चमध्ये सुरू व्हायचं, साधारण आपल्या चैत्राच्या सुमारास. इ.स.पू. १५३ मध्ये स्पेनमध्ये बंडाळी माजली. नव्या कॉन्सलना (दरवर्षी निवडले जाणारे रोमचे सर्वोच्च अधिकारी) मोहिमेवर लवकर निघता यावं म्हणून त्यांनी पदभार घ्यायचा दिवस १५ मार्चवरून १ जानेवारीवर आणला. तिथून १ जानेवारी रुळली. सप्टेंबर ते डिसेंबर ही नावं मात्र तशीच राहिली.

खरी गंमत जादा महिन्याची. त्यांचं वर्ष ३५५ दिवसांचं, त्यामुळे ऋतूंशी मेळ राखायला फेब्रुवारीत अधूनमधून जादा महिना घुसवावा लागे. आपला अधिक मास गणिताने ठरतो. तिथे तो धर्माधिकारी ठरवत, आणि ते पडले राजकारणी! आपला माणूस पदावर असला की वर्ष लांबवायचं, विरोधक असला की जादा महिना विसरायचा. ज्युलियस सीझर स्वतःच मुख्य धर्माधिकारी, पण वर्षानुवर्षं लढायांवर. तोवर कॅलेंडर ऋतूंच्या जवळजवळ तीन महिने पुढे पळालं होतं. शेवटी अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीस या खगोलतज्ज्ञाचा सल्ला घेऊन त्याने इ.स.पू. ४६ हे वर्ष चक्क ४४५ दिवसांचं केलं. पुढच्या वर्षापासून ३६५ दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा. सीझरच्या खुनानंतर धर्माधिकाऱ्यांनी 'दर चौथ्या'चा अर्थ लावला दर तीन वर्षांनी! तो घोळ सीझरचा वारस, सम्राट ऑगस्टसला निस्तरावा लागला. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने १० दिवस गाळून थोडी डागडुजी केली, बाकी सांगाडा सीझरचाच.

जाता जाता, ऑगस्टसने फेब्रुवारीचा एक दिवस पळवून आपला महिना ३१ चा केला ही लोकप्रिय गोष्ट खोटी आहे. फेब्रुवारी सीझरच्याही आधीपासून २८ चा होता, आणि ऑगस्टला ३१ दिवस सीझरनेच दिले होते. तेव्हा त्या महिन्याचं नाव 'सेक्स्टिलिस', म्हणजे सहावा.

रविवारची सुट्टीही तिथलीच. इ.स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने फर्मान काढलं की सूर्याच्या वारी न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांनी विसावा घ्यावा. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक, नाहीतर पेरणीचा नेमका दिवस हुकायचा. ही सुट्टी ख्रिस्ती युरोपातून इंग्रजांबरोबर मुंबईत आली खरी, पण गिरणी कामगारांपर्यंत पोचली नाही. ती मागणी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंनी १८८४ पासून लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे कामगारांना तो परका वाटायचं कारणच नव्हतं. मार्तंड म्हणजे तरी कोण, सूर्यच की.