चेअरमन नंतर लिही

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

पटकथा वाचली. साखर कारखान्याची निवडणूक हा विषय घेतलास याचा मनापासून आनंद झाला. आपल्या भागात सत्ता कुठे मुरली आहे हे तुला नेमकं कळलं आहे. पण तुझा चेअरमन पहिल्याच दृश्यात गाडीतून उतरून एकाच्या मुस्काटात मारतो, आणि पुढे शेवटपर्यंत त्याच्याबद्दल नवं काही कळत नाही. माणूस वाईट आहे हे प्रेक्षकाला एकदा समजलं की तो निवांत होतो. खुर्चीत मागे रेलून बसतो. त्याला रेलू देऊ नकोस.

विजय तेंडुलकरांचं नाटक ‘घाशीराम कोतवाल’ पुन्हा वाच, आणि या वेळी नाना फडणवीस आणि घाशीराम या दोघांना बाजूला ठेवून वाच. फक्त त्या ओळीत उभ्या असलेल्या ब्राह्मणांकडे बघ. ते गणपतीचं नमन गातात, नाचतात, पाठ फिरवली की भिंत होतात. त्या भिंतीआड काय चाललंय हे त्यांना माहीत असतं, कारण भिंत तेच असतात. कोकणातले खेळे, दशावतार, कीर्तन, लावणी हे सगळं तेंडुलकरांनी नुसत्या रंगतीसाठी आणलेलं नाही. सत्तेला आडोसा माणसांचाच लागतो, ही गोष्ट त्यांनी एकही भाषण न लिहिता रंगमंचावर उभी केली. शेवटी हीच माणसं घाशीरामला दगडांनी ठेचतात, आणि ज्याने त्याला कोतवाली दिली तो नाना उत्सव जाहीर करतो. जमाव पुन्हा नाचू लागतो. नानाचं काहीही बिघडत नाही.

तू विचारलं आहेस की इतिहासाशी किती प्रामाणिक राहायचं. खरा घाशीराम सावळदास 1791 मध्ये पुण्यात जमावाच्या हातून मेला. त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले होते, त्यातून तो उद्रेक झाला. तेंडुलकरांनी ही घटना घेतली आणि हे ऐतिहासिक नाटक नाही असं स्पष्ट लिहिलं. तरीही वादळ उठलंच. डिसेंबर 1972 मध्ये भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर तो करणाऱ्या संस्थेनेच नाटक थांबवलं. मंडळी बाहेर पडली, त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि प्रयोग पुन्हा उभा केला. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी कागद बघ, तारखा पक्क्या कर आणि मगच कल्पनेला हात घाल. काय घडलं हे ज्याला ठाऊक असतं, त्याला आपण कुठे वळलो तेही ठामपणे सांगता येतं.

तुझ्या चेअरमनलाही इतिहास आहे. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थतज्ज्ञ त्यांच्या सोबत होता. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गाळप सुरू झालं. ती माणसं खरी होती, ते स्वप्नही खरं होतं. तुझ्या चेअरमनच्या वडिलांनी असेच शेअर गोळा केले असतील, शाळा काढली असेल, दुष्काळात छावणी चालवली असेल. हे सगळं पटकथेत येऊ दे. ज्यांनी उपकार केलेत त्यांच्याविरुद्ध मत देणं किती अवघड असतं ते दाखव.

‘सामना’ चित्रपटातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील एवढा भीतिदायक का वाटतो? तो पाहुणचार करतो. दारू पिऊन भरकटलेल्या मास्तरला आसरा देतो, आपुलकीने वागवतो. आणि मास्तरकडे ना पद, ना पैसा, ना माणसं. त्याच्याकडे एकच प्रश्न आहे: मारुती कांबळेचं काय झालं? गावात प्रत्येकाला उत्तराचा अंदाज आहे आणि कुणीच बोलत नाही. तिथेही भिंत आहेच. हिंदुराव करणाऱ्या निळू फुल्यांनीच पुढे 1979 मध्ये ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस केला, सगळं माहीत असलेला आणि काहीच करू न शकणारा पत्रकार. या दोन भूमिका शेजारी ठेवून बघ.

आता कामाचं. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन बस. विषय पुरता वाचून व्हायच्या आत मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका होतो. तो कुठल्या रांगेतून सुरू होतो ते बघ. अहवाल चाळून बघ. मग शिवारात जा आणि ऊसतोडीचा क्रम कसा लागतो ते विचार. विरोधात गेलेल्याच्या फडात टोळी उशिरा पाठवली की ऊस वाळतो, वजन घटतं, वर्षाचं गणित बसत नाही. कुणी हात उगारत नाही, कुणी धमकी देत नाही. तुझी मुस्काटात मारण्याची जागा इथे आहे.

हे काम चेअरमन स्वतः करत नाही. निरोप शेतकी खात्याकडे जातो, तिथून ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयकडे. त्याचा पगार थकलेला असेल, बहिणीचं लग्न ठरलं असेल, आणि ज्याची तोड मागे ढकलायची तो शेतकरी त्याच्या भावकीतलाच असेल. तो नाव खाली सरकवतो. सरकवताना तो स्वतःला काय सांगतो?

एवढंच दृश्य लिही, पाच-सहा पानांचं, आणि दिवाळीच्या आधी पाठव. चेअरमन त्यात नको, त्याचा फोनसुद्धा नको.