गाण्याच्या कार्यक्रमाचे पत्रक लोकांच्या नजरेत भरेल असे कसे करावे?

आपला पाच जणांचा बँड आहे, संभाजीनगरात पहिल्यांदाच तिकीट लावून कार्यक्रम करायचा आहे, त्यासाठी हजारभर पॅम्प्लेट छापायची आहेत, आणि ती लक्षवेधी व्हावीत म्हणून कोणते सॉफ्टवेअर, कोणते रंग व कोणता कागद घ्यावा, असे आपण विचारले आहे. शेवटी जाता जाता आपण असेही लिहिले आहे की सभागृहाचे निम्मे भाडे देणारे एक गृहस्थ पत्रकावर स्वतःचे आणि मित्रमंडळींचे फोटो टाकायला सांगत आहेत, तेवढे चालेल ना? माझे उत्तर या शेवटच्या वाक्यापासून सुरू होते. चालणार नाही.

मी परभणीला छपाईच्या व्यवसायात आहे. खिळे जुळवून ट्रेडल मशीनवर छापणाऱ्या माणसांच्या हाताखाली शिकलो, पुढे डीटीपी आणि स्क्रीन प्रिंटिंग केले, आता ऑफसेटची कामे घेतो. लग्नपत्रिका, बिलबुके, शिकवणीवर्गांची पत्रके असे सगळेच काम येते. परंतु गाण्याच्या कार्यक्रमाचे पत्रक आले की ते मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. माझे थोरले बंधू पखवाज वाजवतात, आणि वाजवणाऱ्याचे नाव कागदावरून कसे गळते, हे मी घरात राहून पाहिलेले आहे.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका सांस्कृतिक मंडळाने अभंगगायनाचा कार्यक्रम ठेवला होता. गायिका बाहेरगावच्या होत्या, वयाने तरुण, फारसे नाव न झालेल्या, पण गळ्याने तयार. पखवाजावर दादा, तबला आणि संवादिनीवर परभणीचेच दोघे. पत्रकाचे काम माझ्याकडे आले. मी ए-5 आकारात मांडणी केली: वर गायिकेचे नाव, त्याखाली ‘अभंगगायन’, मग साथीला कोण, मग वार, तारीख, वेळ, सभागृह आणि तिकिटे कुठे मिळतील ते. डाव्या अंगाला एकच छायाचित्र होते, पखवाजाचे, अगदी जवळून घेतलेले; डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, लावलेली ओली कणीक आणि तिच्यावर उमटलेले बोटांचे ठसे त्यात स्पष्ट दिसत होते. त्या कागदाकडे पाहिले की आत काय ऐकायला मिळणार आहे, हे वाचण्यापूर्वीच कळत होते.

अध्यक्षांनी प्रूफ पाहिले आणि म्हणाले, “छान आहे, पण यात आपली माणसं कुठं आहेत?” दुसऱ्या दिवशी यादी आली. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, स्वागतोत्सुक, विनीत, आणि प्रत्येकाचा फोटो. फोटो मोबाईलवरून पाठवलेले, कुठल्यातरी जुन्या बॅनरमधून कापलेले. एकाच्या खांद्यावर शेजारच्या माणसाचा हार तसाच राहिलेला. सगळे मांडल्यावर जागा संपली. तेव्हा अध्यक्षांनी साथसंगतीच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “हे काढून टाक. पखवाज कोण वाजवतंय हे बघून कोणी तिकीट काढतं का?”

मी म्हणालो, “साहेब, आपल्याकडं काढतात. ज्या मुलखात शंकरबापू आपेगावकरांना पखवाजासाठी पद्मश्री मिळाली, तिथं लोकांना पखवाज कळतो.” त्यावर ते म्हणाले, “तू वयानं लहान आहेस. फोटो असला की तो माणूस चार जणांना घेऊन येतो.”

पैसे मंडळाचे होते, त्यामुळे त्यांनी सांगितले तसे पत्रक मी छापून दिले: ए-4 आकार, चार रंग, 130 जीएसएमचा चकचकीत आर्ट पेपर. गायिकेचे नाव खालच्या तिसऱ्या भागात गेले आणि साथीदारांची नावे गेलीच. मग मी स्वतःच्या खर्चाने दुसरे पत्रक केले. कारखान्यात पिवळा मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा छपाईचा कागद, उरलेला होता, त्यावर एकाच काळ्या शाईत, सदऱ्याच्या खिशात मावेल अशा ए-6 आकारात. माझी मूळ मांडणी, चारही कलावंतांची नावे, आणि तळाशी एक ओळ: ‘हे पत्रक दाखविल्यास तिकिटात दहा रुपयांची सवलत.’ या सवलतीला मंडळाच्या खजिनदारांनी आनंदाने होकार दिला होता, कारण विकले न गेलेले तिकीट त्यांच्याच हिशेबात येणार होते.

मंडळाची पत्रके पहाटे वर्तमानपत्रांत घालून घरोघर गेली. पिवळी पत्रके आम्ही हाताने दिली, आणि ती कोणाला द्यायची हे आधी ठरवले होते. गाण्याच्या शिकवणीतून बाहेर पडणारी मुले व त्यांना न्यायला आलेले पालक, मंदिरात कीर्तन संपल्यावर चपला शोधणारी मंडळी, कृषी विद्यापीठाच्या वसाहतीतली कुटुंबे, आणि संध्याकाळच्या गाडीने उतरणारे अप-डाऊनवाले शिक्षक व बँकेतले लोक. प्रत्येकाला कागद देताना दादा स्वतः “या, मी वाजवणार आहे” एवढेच म्हणत.

कार्यक्रमाच्या दिवशी दारावर खजिनदारांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला होता आणि सवलतीची पत्रके त्यात टाकून घेतली. सुरू होण्यापूर्वीच डब्याचे झाकण लागेनासे झाले. फोटोतली माणसेही आली, आपापल्या माणसांना घेऊन आली, पण पासावर आली. सत्कार आटोपताच पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या आणि मागे उभे असलेले तिकीटवाले पुढे येऊन बसले. अध्यक्षांचे आजही म्हणणे आहे की लोक सवलतीसाठी आले. सवलत मंडळाच्या पत्रकावरही छापता आली असती. ती ओळ घालण्याइतकी जागा त्यावर शिल्लक नव्हती, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे.

आता आपल्या पत्रकाकडे येतो. सॉफ्टवेअर कोणतेही चालेल. त्यावर वेळ घालवू नये. इंटरनेटवर मिळणारे तयार साचे मात्र घेऊ नयेत. गिटारची काळी सावली, मागे झोतदिव्यांचे किरण आणि उडणारे सूर यांचा कागद शंभर कार्यक्रमांना लागू पडतो, म्हणून तो एकाही कार्यक्रमाचा नसतो. त्यापेक्षा आपल्याच मुलखातले जुने कागद पाहावेत. भीमगीतांच्या सामन्याची भित्तिपत्रके पाहा: दोन गायकांचे चेहरे समोरासमोर, त्यांची नावे सर्वांत मोठी, मध्ये ‘जंगी सामना’, खाली गाव आणि रात्र. कोण, काय आणि कशासाठी यायचे, हे रस्त्याच्या पलीकडून कळते. परभणीच्या उरुसातल्या कव्वालीची चांगली पत्रके मी पाहिलेली आहेत. एका अर्ध्या भागात कातिबाने, म्हणजे उर्दू सुलेखन करणाऱ्याने, हाताने लिहिलेली उर्दू आणि दुसऱ्यात मराठी, एकीने दुसरीला ढकललेले नाही. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या, एकरंगी जाहिरातींसाठी नाटकांची शीर्षके काढली, आणि त्या अक्षरांवरून नाटकाची प्रकृती कळायची. आपल्या बँडचे नाव असे कोणाकडून तरी हाताने काढून घ्यावे. तेच चित्र, तेच आकर्षण. आणखी काही शोधायची गरज राहणार नाही.

अक्षरांच्या बाबतीत एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजी मजकुरासाठी ठेवलेले ओळींमधले अंतर मराठीला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो आणि लांबून सगळे गिचमिड दिसते. अक्षरांमध्ये अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. अक्षरे आडवी ताणू नयेत. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय, निवडला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून पडतात. असली पत्रके मी दर आठवड्याला पाहतो. मुक्ता, बालू यांसारखे युनिकोड टंक विनामूल्य आहेत आणि छपाईत चांगले उतरतात. प्रेसला फाइल देताना अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे रेखाचित्रात रूपांतर करून, पीडीएफ द्यावी, नाहीतर त्यांच्या संगणकावर तो टंक नसल्यास मजकुराचे काय होईल याचा नेम नाही.

रंग दोन पुरेत. पडद्यावर झगमगणारे निळे-हिरवे छपाईच्या चार शायांत तसे येत नाहीत, मळकट येतात. म्हणून फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या या चार शायांच्या रंगपद्धतीत, करावी आणि काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा ठेवावा, चार शायांचा मिळून केलेला नाही, कारण प्लेट केसभर हलली तरी बारीक अक्षराला रंगीत कडा दिसते. छायाचित्र असल्यास छपाईच्या आकाराला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, हवे. मोबाईलवरून पाठवताना ते दाबले जाते, म्हणून मूळ फाइलच मागवावी. चारही बाजूंना कटिंगसाठी तीन मिलिमीटर जास्तीचा रंग सोडावा. क्यूआर कोड टाकणार असाल तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान करू नये, भोवती कोरी जागा ठेवावी, आणि तो तिकिटाकडे किंवा आपल्या एखाद्या गाण्याकडे न्यावा.

कागदासाठी माझे मत ठाम आहे: चकचकीत आर्ट पेपर नको. सभागृहाबाहेरच्या दिव्यात तो चमकतो आणि वाचता येत नाही, त्यावर पेनाने काही लिहिताही येत नाही. रंगीत मॅपलिथोवर एक शाई ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ठळक छपाई आहे. दोनशेच्या आत हवी असतील तर डिजिटल प्रिंट घ्यावी. हजार हवी असतील तर ऑफसेट, कारण प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो, पुढे फक्त कागद वाढतो.

वेळ खरी छापावी. कार्यक्रम उघड्यावर असेल तर ध्वनिक्षेपक सहसा रात्री दहाला बंद करावा लागतो, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे दिवस कलेपर्यंत माणूस घराबाहेर पडत नाही. ‘सायंकाळी 6 वाजता’ छापून साडेसातला सुरू केले तर सहाला आलेला श्रोता पुढच्या खेपेस येत नाही, आणि शेवटची गाणी कापावी लागतात ती वेगळीच. पत्रके भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर चिकटवू नयेत. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध 1995 चा कायदा आहे, आणि नाव-तारीख आपणच छापून दिलेली असते, त्यामुळे सापडायला वेळ लागत नाही. वाद्यांची दुकाने, महाविद्यालयाजवळची चहाची टपरी, पुस्तकांची दुकाने येथे मालकाला विचारून काचेवर लावता येतात. बाकी हातोहात.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. आपले ते गृहस्थ खरोखरच पैसे देत आहेत, त्यामुळे त्यांचा मान राखला पाहिजे. पत्रकाच्या मागच्या बाजूला ‘सहकार्य’ म्हणून त्यांचे एकट्याचे नाव स्वच्छ, वाचता येईल अशा अक्षरात द्यावे आणि मंचावरून आभार मानावेत. बहुतेकांना तेवढे पुरते, फक्त समोर बसून नीट सांगावे लागते. विनातिकीट सार्वजनिक कार्यक्रम असेल तर फोटो टळत नाहीत, हे मला मान्य आहे. पिवळा कागद अभंगाला शोभला म्हणून आपल्या बँडला शोभेलच असेही नाही. हजार पत्रकांऐवजी तीनशे नेमक्या हातांत गेली तर मी तीनशेच छापेन, आणि ती हातात देणारा माणूस वाजवणाऱ्यांपैकीच कोणीतरी असावा.

आपण पाठवलेल्या नमुन्यात ‘सादरकर्ते’ म्हणून फक्त गायकाचे नाव आहे. गिटार, बेस, कीबोर्ड आणि ड्रम वाजवणाऱ्या चौघांची नावेही वाद्यांसह समोरच्याच बाजूला, गायकाच्या नावाच्या लगेच खाली यावीत. त्यांच्या घरचे, गल्लीतले आणि वर्गातले लोक हेच आपल्या पहिल्या कार्यक्रमाचे निम्मे तिकीटवाले असणार आहेत. जागा कमी पडली तर नक्षी काढावी, चौकट काढावी, बोधवाक्य काढावे. नाव काढू नये. आणि प्लेट करायला देण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव त्याच्याकडून लेखी तपासून घ्यावे, आडनावातल्या ऱ्हस्व-दीर्घासह.