जुन्या जिप्सीतून ५० च्या पुढे घुमण्याचा आवाज येतो आणि क्लच सोडताना ‘टक्’ होतं. गिअरबॉक्स उतरवावा का?

अजून नको.

तुम्ही लिहिलंय की १९९८ ची जिप्सी किंग नुकतीच घेतली, ५० च्या पुढे खालून ‘घूंऽऽ’ सुरू होतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बरंचसं थांबतं, पहिल्या गिअरला क्लच सोडताना ‘टक्’ होतं आणि मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवायला सांगितलाय. त्यांचं खरंही असेल. पण हे दोन आवाज एकाच जागचे असतील असं मला वाटत नाही, आणि या लक्षणांवरून मी गिअरबॉक्सवर सगळ्यात शेवटी संशय घेईन.

हे मी पैसे घालवून शिकलोय. माझी जिप्सी २००३ ची, गाव चिपळूण. असाच आवाज आला म्हणून एका गॅरेजात गिअरबॉक्सची सगळी बेअरिंगं बदलून घेतली. गाडी घेऊन निघालो तर बहादूरशेख नाक्यापर्यंत पोचायच्या आत तोच आवाज पुन्हा हजर. शेवटी निघालं काय, तर ट्रान्सफर केसचं (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) एक फाउंडेशन रबर फाटलेलं. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती वेगळी, स्वतःच्या रबरांवर टांगलेली असते आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. रबर फाटल्यामुळे केस झुकली होती आणि तो शाफ्ट तिरका फिरत होता. माझे कान मात्र शपथेवर सांगत होते की आवाज गिअर लिव्हरखालचाच आहे. सांगणारच. खाली लोखंडी चासी, वर नुसता पत्रा, मागच्या हौसिंगमधला (मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी आवरणातला) आवाजसुद्धा लिव्हरच्या भोकातून वर येतो.

तेव्हा आवाज कुठून येतो यावर डोकं खपवू नका, कधी येतो ते वहीत लिहा.

आधी उभ्या गाडीत बघा. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला. खरखर येते आणि क्लच दाबल्यावर जाते? मग गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच सुरू होते? मग रिलीज बेअरिंग. दोन्ही वेळा शांत असेल तर मिस्त्रींचा दावा निम्मा ढिला झाला.

उरलेला निम्मा रस्त्यावर तपासा. एकाच वेगाला, समजा ५५ ला, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये चालवून बघा. चौथा गिअर १:१ आहे, म्हणजे तेव्हा गिअरबॉक्समधून ताकद सरळ आरपार जाते, आतल्या दात्यांवर भार येत नाही. तिसऱ्या-पाचव्याला ओरडते आणि चौथ्याला गप्प बसते, असं झालं तर गिअरबॉक्स खुशाल उतरवा. तिन्ही गिअरमध्ये एकाच सुरात घुमत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. मला तुमच्याकडे हेच निघेल असं वाटतंय.

थोडी घरघर मात्र या गाडीची जन्मजात आहे. ट्रान्सफर केस ‘हाय’मध्ये (नेहमीच्या वेगासाठी) असली तरी ताकद दात्यांतूनच फिरते, १.४०९ चा रेशो आहे, ‘लो’मध्ये (हळू, जास्त ओढीसाठी) २.२६८. नवीन मालक त्यालाच आजार समजतात. आणि खोल नक्षीचे चिखलाचे टायर लावले असतील तर आधी तेच तपासा. आमच्याकडे मुंबई-गोवा रस्त्यावर डांबर संपून काँक्रीट लागतं तिथे टायरचा आवाज लगेच बदलतो. पिनियनला (मागच्या हौसिंगमधलं शाफ्टच्या टोकाचं दातेरी चाक) खाली काय अंथरलंय याच्याशी देणंघेणं नसतं.

तुमचा आवाज पाय काढल्यावर कमी होतो हा मोठा पुरावा आहे. मला हे कुंभार्ली घाटात नीट कळतं: चढताना ओढ असते, चिपळूणकडे उतरताना गाडी इंजिनाला ढकलते. फक्त ओढीला घुमलं तर मागच्या हौसिंगमधले क्राउन-पिनियन (एकमेकांत अडकणारी मोठी-छोटी दातेरी चाकं) किंवा पिनियनचं बेअरिंग बघायचं. चाकाचं बेअरिंग ओढ-बिढ बघत नाही, ते सतत गुरगुरतं. रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे झुलवली की भार उजवीकडे जातो. तेव्हा गुरगुर वाढली तर उजवं बेअरिंग गेलंय.

आता ‘टक्’. इंजिन बंद, न्यूट्रल, चारही चाकांना दगड लावा (नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका, काही जुन्या जीपमध्ये तो चाकांना नसून प्रॉपलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) ड्रमला असतो). खाली जाऊन शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना पिळा. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) दोन बाजू वेगवेगळ्या हलल्या तर क्रॉस संपला. सगळा शाफ्ट एकत्र किंचित फिरला तर तो आतल्या दात्यांचा प्ले (ढिलेपणा), थोडा असतोच. मधल्या छोट्या शाफ्टचे क्रॉस तपासायला बहुतेक जण विसरतात, ग्रीसही मारत नाहीत. हळू चालताना चिमणीसारखं ‘चिक्-चिक्’ ऐकू येत असेल तर कोरडा क्रॉसच. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू-बोल्टही आवळून बघा. ते ढिले असले की क्लच सोडताना हौसिंग वळतं आणि अगदी हाच ‘टक्’ देतं.

मग गिअर ऑइल. हौसिंग असो की ट्रान्सफर केस, आधी वरचा, ऑइल भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, मगच खालचा उघडा. ऑइल सांडून बसलात आणि वरचा बोल्ट हलेना, तर गाडी तिथेच. ऑइल दुधाळ चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. गरम हौसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं भोक) चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. पावसाळ्यात भाताच्या बांधावरून फिरलेल्या गाड्यांत हे मी दोनदा पाहिलंय. चुंबकाच्या बोल्टवर करडी बारीक पेस्ट असली तर घाबरू नका, टोचणारे तुकडे असले तर घाबरा. हौसिंगला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं.

एक शेवटचा खुलासा. आधीच्या मालकाने गाडी डांबरावर ‘फोर हाय’मध्ये (चारही चाकांना ताकद) ठेवण्याची सवय लावली असेल आणि तुम्हीही तसंच चालवत असाल, तर वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण साठतो आणि तो धाडकन सुटतो. ‘फोर’मधून काढताना ट्रान्सफर केसची लिव्हर अडकली तर गाडी थोडी मागे घ्या, सुटेल. आणि एक चाक जॅकवर उचलून ‘फोर’मध्ये गिअर टाकायचा प्रयोग करू नका. बाकीची तीन जमिनीवर असतात, गाडी जॅकवरून उडी मारते.

पुढच्या चाकांना फ्री-हब (चाक शाफ्टपासून मोकळं करणारी कळ) आहेत का तेही कळवा. असतील तर ते मोकळे करून एक फेरी मारा. मोकळे केल्यावर आवाज गेला, तर मागचं हौसिंग उघडायच्या आधी पुढचा शाफ्ट आणि पुढचं हौसिंग बघावं लागेल.