पुढचा पोर्ट मोडला म्हणून मदरबोर्ड बदलू नका

प्रश्न : तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह ओढून काढताना डेस्कटॉपच्या पुढच्या यूएसबी पोर्टातली पट्टी मोडली. तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू केला की ‘यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट’ असा इंग्रजी मजकूर येतो आणि १५ सेकंदांत कॉम्प्युटर बंद पडतो. दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदला म्हणतात. अर्जांची मुदत तोंडावर आली आहे. काय करू?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड. तो बदलायला एवढ्यात होकार देऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं पाहता बोर्ड शाबूत असण्याचीच शक्यता जास्त आहे.

मोबाइलचा टॉर्च लावून मोडक्या पोर्टात बघा. साध्या पोर्टात प्लास्टिकच्या पट्टीवर चार बारीक सोनेरी पात्या असतात. कडेची एक ५ व्होल्टची, दुसऱ्या कडेची ग्राउंडची, मधल्या दोन माहिती नेण्या-आणण्याच्या. पट्टी मोडली की पात्यांचा आधार जातो, त्या वाकतात आणि पोर्टाच्या धातूच्या कवचाला टेकतात. ५ व्होल्टची पाती टेकली की शॉर्ट. बोर्डाला ते कळतं आणि नुकसान होऊ नये म्हणून तो मशीन बंद करतो.

आता महत्त्वाचं. पुढचे पोर्ट मदरबोर्डावर नसतातच. ते कॅबिनेटला स्क्रूने लावलेल्या एका छोट्या सर्किटपट्टीवर असतात आणि तिथून एक वायर बोर्डापर्यंत जाते. ती वायर काढली की बिघाड बोर्डापासून तुटला.

भिंतीवरचं बटण बंद करा, पॉवर केबल काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डाव्या बाजूचं झाकण उघडा. पुढच्या पोर्टांपासून निघालेली वायर हाताने धरून बोर्डापर्यंत माग काढत जा. साध्या पोर्टांची वायर ९ पिनांवर बसते. शेजारी पुढच्या हेडफोनची वायरही तशीच ९ पिनांवर असते, म्हणून बोर्डावर छापलेलं नाव वाचूनच हात लावा. पोर्ट निळे असतील तर वायर जाड आणि पिना १९. तिचा प्लग सरळ वर उचला, हलवून-हलवून काढू नका. त्या पिना फार पटकन वाकतात, आणि तिथे मात्र खरोखर बोर्डाचं नुकसान होतं.

वायर काढून मशीन सुरू करा. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर मागच्या पोर्टांना लावा आणि अर्जांचं काम उरका. मोडका पोर्ट चिकटपट्टीने झाकून ठेवा, नाहीतर गर्दीत कुणीतरी त्यात पेनड्राइव्ह घालेलच.

सवड झाली की पुढच्या पोर्टांची ती सर्किटपट्टी बदलून घ्या. पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, पण जुना तुकडा खिशात असू द्या. स्क्रूची भोकं जुळली नाहीत तर नवीन पट्टी बसत नाही. नवी वायर लावताना बोर्डावरच्या पिनांच्या ओळीत एक जागा रिकामी दिसेल, ती आणि प्लगचं बुजवलेलं भोक जुळवा. जोर लावून उलटा प्लग बसवला तर ५ व्होल्ट भलत्याच तारेत जातात.

मागचा पोर्ट मोडला असता तर गोष्ट वेगळी होती. तो बोर्डावर डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला असतो, आणि घाईत डाग काढताना खालचा तांब्याचा पातळ पट्टा उखडतो. त्यापेक्षा तो पोर्ट सोडून द्यावा आणि रिकाम्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये (बोर्डावरच्या जादा कार्ड बसवायच्या खाचेत) यूएसबी कार्ड लावावं, असं मी सांगते.

तुमच्या दुकानासाठी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. साधा यूएसबी पोर्ट मानकाप्रमाणे १५०० वेळा घालण्या-काढण्याला टिकायला हवा. दिवसाला २० पेनड्राइव्ह लागले तर अडीच महिन्यांत तो आकडा ओलांडतो. म्हणून एका पोर्टला छोटी एक्स्टेन्शन केबल कायमची लावून टेबलावर आणा. झिजेल ती केबल, आणि ती बदलणं स्वस्त आहे.

वायर काढूनही तो मजकूर येत राहिला, तर मागची सगळी साधनं काढून पुन्हा बघा, कधी प्रिंटरची केबलच शॉर्ट असते. तरीही गेला नाही तर मागच्या पोर्टांचे जवळून फोटो काढून पाठवा. तोवर बोर्डाची ऑर्डर देऊ नका.