आधी नुसतं टिपून ठेव

विचार सुधारायचे म्हणून लगेच कंबर कसू नकोस. पहिले पंधरा दिवस फक्त टिपून ठेव: काय घडलं, मनात पहिलं वाक्य कोणतं आलं, मग तू काय केलंस. तीन ओळी, बास. वाक्य जसंच्या तसं लिही. मी सुरुवातीला 'जरा अस्वस्थ वाटलं' असलं गुळमुळीत लिहायचो. हाती काहीच लागेना. 'त्यानं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, म्हणजे तो चिडलाय' असं लिहायला लागलो तेव्हा कुठे दिसलं, की 'म्हणजे'च्या अलीकडे घटना आहे आणि पलीकडे माझी भर. वहीभर नुसते 'म्हणजे'!

अशी भर घालणं ही एक खोड. दुसरी जास्त चिवट: आपल्या अंदाजाला दुजोरा देईल तेवढंच शोधत राहायचं. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं लोकांना 2, 4, 6 हे आकडे देऊन त्यांमागचा नियम ओळखायला सांगितला. स्वतःचे आकडे सुचवून पडताळायची मुभा होती. बरेच जण 8, 10, 12 असलेच आकडे देत राहिले आणि 'दोन-दोननं वाढतात' असं ठासून सांगून मोकळे झाले. नियम होता नुसता चढत्या क्रमाचा. 1, 2, 3 विचारलं असतं तरी पत्ता लागला असता.

म्हणून 'तो चिडलाय' वाटलं की आधी स्वतःला विचार: चिडला नसता तर तो कसा वागला असता? बऱ्याचदा अगदी असाच.

तक्ते, अ‍ॅप वगैरे सध्या राहू दे. वाक्य लगेच टिप. त्याची चिरफाड मात्र डोकं शांत झाल्यावर, रात्री.